बॉनेटवरची चंद्रकोर

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इस्त्री एका काळ्या गाडीच्या मागच्या दारापाशी गुडघा टेकून बसला होता. दोन वितींचा चौकोन धरायचा, मशीन आधी आडवं फिरवायचं, मग उभं, मग बंद करून डाव्या हाताची पालथी बाजू पत्र्याला लावायची. पत्रा कोमट लागला तर पुढचा चौकोन, गरम लागला तर थांबायचं. ही सवय त्याला कुणी शिकवली नव्हती. एका लाल गाडीने लावली होती.

इस्त्री हे त्याचं नाव नव्हे. ते त्याला साडूने चिकटवलं. सासऱ्यांना दोन मुली, थोरली याच्या घरात, धाकटी साडूच्या. साडूने गाड्या धुण्या-चमकवण्याची मोठी शेड काढली तेव्हा घरचा माणूस म्हणून याला बोलावून घेतलं. हा आधी बसच्या आगारात गाड्या धुवायचा. पॉलिशचं मशीन हातात आलं आणि गडी रमला. कुठल्या रंगावर कुठलं पॅड, कंपाउंड किती घ्यायचं, मशीनने सूर बदलला की काय समजायचं, हे त्याने वर्षभरात आत्मसात केलं. मग एका संध्याकाळी एका डॉक्टरांच्या लाल गाडीवर काम चालू असताना पॅड निसटलं, पॅडमागची कडक प्लेट फिरत्या वेगात बॉनेटला लागली आणि चंद्रकोरीच्या आकाराचा रंग जळाला. मशीन तापतंय, हे तो आठवडाभर सांगत होता.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमले होते. तिथे साडूने विषय काढला. म्हणाला, मशीन नवंकोरं आहे, मशीनला काही झालेलं नाही. "हातच जड आहे यांचा. पॉलिश करायला गेले आणि इस्त्री करून आले."

सगळे हसले. सासूबाई हसल्या, मेहुणी हसली, याची स्वतःची मुलगीसुद्धा हसली. सासरे हसले नाहीत. ते वाईट होतं. जन्मभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवलेला माणूस. हाताच्या कामात त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी ताटाकडे बघत एवढंच म्हटलं, "कामाला हात हलका लागतो, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या गल्लीत टायरवाल्यापासून पत्रेवाल्यापर्यंत सगळे त्याला इस्त्री म्हणू लागले. त्याने त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका गाडीपुरती शेड भाड्याने घेतली. लांब गेला असता तर नाव मागे राहिलं असतं, असं बायको म्हणायची. पण लांब गेला तर साडू समोर कसा दिसणार? रोज सकाळी शटर उघडताना तो साडूच्या शेडकडे एकदा बघून घ्यायचा. एखादा माणूस देवाकडे बघतो, तितक्या नियमाने. लाल गाडीचं बॉनेट पुढे रंगवलं गेलं, पण छटा जुळली नाही. ती गाडी अजून सिग्नलला त्याच्या समोर येऊन उभी राहायची.

तर त्या शुक्रवारी शेडच्या दारात सावली पडली. मेहुणी होती. हातात जड पिशवी.

"भाऊजी, यांना सांगू नका मी आले म्हणून," ती म्हणाली आणि मशीन बाकावर ठेवलं. साडूने घेतलेलं हे दुसरं मशीन. तिने जे सांगितलं त्याचा मतलब असा, की हेही तापतं. अर्धी गाडी होईपर्यंत हातात धरवत नाही. दोन कारागीर सोडून गेले. दुरुस्तीवाल्याने एकदा मोटरमधले कार्बन बदलले, एकदा वायर बदलली, तिसऱ्यांदा हात जोडले. त्याच्या दुकानात मशीन तासभर चालवलं तरी तापत नाही म्हणे. आता साडू स्वतःच पॉलिश करतो आणि घरी येऊन सगळ्यांवर खेकसतो.

"तुम्हाला मशीनचं कळतं. बघा तरी."

"माझा हात जड आहे ना," इस्त्री म्हणाला.

"ते जेवणातलं बोलणं झालं. किती दिवस धरून बसणार?"

त्याने मशीन उघडलं. कार्बन नवे होते. गिअरमधलं ग्रीस चांगलं होतं. वायर जाड, जोड पक्के. पुन्हा बंद करून त्याने ते काळ्या गाडीच्या दोन्ही दारांवर चालवलं, मुद्दाम जास्त वेगाने. मशीन कोमट झालं, त्यापुढे गेलं नाही. दुरुस्तीवाला खोटं बोलत नव्हता.

मग त्याने ते उजेडात नेलं. मशीनच्या अंगाला हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या फटी असतात. त्या फटींत खोल, फुंकर पोचणार नाही अशा जागी, तपकिरी कापडाचे बारीक तंतू अडकले होते. मानेपाशी मशीन मळून काळं झालेलं, पण धड मात्र दुकानातून आणल्यासारखं. काळं आणि कोरं यांच्या मधोमध टाक्यांची एक ओळ उमटलेली होती. बारीक, सारख्या अंतराची, उत्तम हाताची.

इस्त्रीला सगळं एकदम कळलं.

साडूला वस्तू झाकायचा नाद. घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. लग्नातला सूट अजून दुकानाच्याच पिशवीत. जमलं तर हा गाडीच्या टायरला मोजे घालेल, असं इस्त्री पूर्वी म्हणायचा. पॉलिशचं पहिलं मशीन आणलं तेव्हाही ते नवं राहावं म्हणून साडूने रेक्झिनचं कव्हर करून घेतलं होतं, आतून तपकिरी अस्तर, गळ्याशी नाडी. शिवलं होतं सासऱ्यांनी. तेच कव्हर आता या मशीनवर चढत होतं. फटी बंद, आतली गरम हवा आत. आधी मशीन तापतं, मग त्याची प्लेट, मग पॅड धरून ठेवणारं वेल्क्रो मऊ पडतं आणि पॅड निसटतं. मशीन दुरुस्तीला न्यायचं झालं की साडू कव्हर काढून ठेवत असणार. मळू नये म्हणून. त्यामुळे दुरुस्तीवाल्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

कव्हर काढा, एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. मेहुणी समोरच उभी होती.

"मशीनमध्ये दोष नाही," तो म्हणाला. "चालवताना बघावं लागेल. रविवारी बाबांकडे आणायला सांग. जसं वापरतात तसंच आणायचं. एक गोष्ट कमी नको, एक जास्त नको."

"बाबांकडे कशाला?"

"तिथे सगळे असतात."

रविवारी सासऱ्यांच्या मागच्या अंगणात सगळे होते. सासरे आपल्या शिवणाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. साडू आपली निळी गाडी घेऊन आला. अर्थातच तिलाही कव्हर होतं, ते त्याने घडी घालून डिकीत ठेवलं. गाडी दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. साडूच्या चेहऱ्यावर दवाखान्यात आलेल्या माणसाचा अवघडलेपणा होता. इस्त्रीकडे न बघता तो म्हणाला, "बघा बुवा साडूभाऊ, तुम्हाला काही उमगतंय का."

त्याने पिशवीतून मशीन काढलं. कव्हर चढवलेलं होतं, नाडी नीट बांधलेली.

इस्त्रीने विचारलं, कुठल्या गाडीवर चालवून दाखवणार. साडू म्हणाला, माझ्याच. नाहीतरी बॉनेटवर धुण्याचे ओरखडे आहेत, तेवढे निघतील.

"कव्हर राहू द्यायचं?" इस्त्रीने विचारलं. हे त्याने एकदाच विचारलं, आवाज न चढवता, पण सासऱ्यांना ऐकू जाईल असं.

"राहू दे की. बाबांनी इतक्या मनाने शिवलंय. त्याच्याशिवाय मशीन दोन महिन्यांत भंगारात जाईल."

सासऱ्यांनी खुर्चीतून मान डोलावली.

मशीन सुरू झालं. इस्त्री हात मागे बांधून उभा राहिला. साडू वाईट कारागीर नव्हता. चौकोन बरोबर धरत होता, मशीनवर रेलत नव्हता. पहिला भाग झाला, दुसरा झाला. मग त्याने मशीनची पकड बदलली. थोड्या वेळाने पुन्हा बदलली. "बघा, आता तापायला लागलं," तो ओरडून म्हणाला. इस्त्रीने मान हलवून चालू ठेवा अशी खूण केली.

मग वास आला. प्लास्टिक वितळण्याच्या आधीचा, गोडसर. हा वास इस्त्रीला झोपेतही ओळखता आला असता. या क्षणी बंद करा म्हटलं असतं, तर बॉनेट वाचलं असतं. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर खिळ्याला एक फुटका आरसा अडकवलेला होता. त्यात साडूची पाठ आणि त्यामागे खुर्चीतले सासरे दिसत होते.

पॅड निसटलं. प्लेट पत्र्याला घासल्याचा तो आवाज झाला, कर्रर्र. साडूने मशीन उचललं, तोवर निळ्या रंगावर पांढुरकी चंद्रकोर उमटली होती.

इस्त्री पुढे झाला, बॉनेटवर वाकला आणि नीट बघून घेतलं.

"हात जड आहे तुमचा," तो म्हणाला.

साडूचा चेहरा उतरला. सासरे उठले. ते चालत आले, मशीनला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला. मग नाडी सोडली, कव्हर उतरवलं. खालच्या फटींवर बोट फिरवलं. बोटाला तपकिरी तंतू लागले. त्यांनी ते अंगठ्यावर चोळून पाहिले. आपलं अस्तर त्यांना ओळखायला वेळ लागला नाही.

"त्या वेळीही हेच होतं?"

"हेच," इस्त्री म्हणाला.

सासऱ्यांनी धाकट्या जावयाकडे बघितलं. "सांगा यांना," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलंत ना, तसंच."

साडूने बॉनेटकडे बघत सांगितलं, की हात जड नव्हता. मग म्हणाला, "पण तुम्हाला माहीत होतं. माहीत असून चालवू दिलंत."

"मी विचारलं होतं, कव्हर राहू द्यायचं का."

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, मला शुक्रवारीच सांगितलं असतंत."

"शुक्रवारी बाबा नव्हते."

सासरे कव्हर घेऊन खोलीत गेले. टाके उसवण्याचा आवाज बाहेर येत राहिला. थोरल्या जावयाला त्यांनी काही म्हटलं नाही, माफी तर नाहीच. जेवताना पहिलं वाढप मात्र त्याच्या ताटात पडलं, आणि वाढायला सासूबाईंना त्यांनीच सांगितलं.

परतल्यावर घराच्या जिन्यात बायको म्हणाली, की कव्हर काढून दाखवलं असतं तरी बाबांना पटलं असतं. बॉनेट कशाला?

"बोलणं विसरतात," तो म्हणाला. "बॉनेट रोज दिसतं."

संध्याकाळी त्याचा फोन वाजला. साडूच्या शेडमधला माणूस बोलत होता. त्याला घरात काय झालं याची गंधवार्ता नव्हती. "इस्त्रीवाले ना? मालकांच्या गाडीच्या बॉनेटवर डाग पडलाय. तुमच्याकडे पाठवा म्हणाले."

त्याने नाव सुधारून दिलं नाही. गल्लीतून ते निघणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. डागाच्या कडा निघतील, असं त्याने सांगितलं. मध्ये नख अडकतं, तिथे रंग गेलाय. तेवढा राहील.

उद्या सकाळी सात वाजता तो शटर उघडेल. पहिली शाळेची व्हॅन आहे, दुसरी पत्रेवाल्याच्या गिऱ्हाइकाची राखाडी गाडी. साडूची निळी गाडी तिसरी आहे.