झाडू लागला की सांगायचं

मस्कतजवळ सीबच्या आइस रिंकवर मी बुटांच्या काउंटरला लागले तेव्हा मला एकच काम होतं. पायाचा नंबर विचारायचा, स्केट्स द्यायचे, परत आले की आतून पुसून फळीवर ठेवायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि मी आत स्वेटर घालून. गावी फोन केला की आई विचारायची, "वाळवंटात सर्दी कसली गो होते तुला?"

सोमवारी संध्याकाळी मुलांचं स्केटिंग आटपलं की अर्ध्या बर्फावर बायकांचं कर्लिंग चालायचं. वीस किलोचा गुळगुळीत दगड, त्याला वर किटलीसारखी मूठ. एकजण तो बर्फावरून सोडते, दोघी त्याच्या पुढे झाडूने बर्फ घासत पळतात, चौथी पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडते. बर्फ घासला की दगड लांब जातो. तिथे रंगवलेल्या गोलाच्या मध्याला ज्यांचा दगड सगळ्यात जवळ, ते जिंकले. झाडू म्हणतात, पण त्याला काड्या नाहीत, टोकाला कापडाची गादी असते. मी काउंटरवरून बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, एवढ्या शिकलेल्या बायका, पैसे भरून झाडू मारतात!

मग त्या चौघींतल्या एकीच्या नवऱ्याची बदली झाली. त्यांची कॅप्टन ओमानी, मूळची सहम गावची, बँकेत काम करणारी, हिंदी आमच्यापेक्षा फाडफाड. ती काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "उख्ती, तुम्हारे पाँव का नंबर क्या है?" उख्ती म्हणजे बहीण. दोन वर्षं मी हा प्रश्न सगळ्या जगाला विचारत होते. मला तो पहिल्यांदाच कुणी विचारला. मी म्हटलं, "पाच."

"खलास. तू खेलेगी."

पळायला मी चांगली निघाले. दम होता, कंबर मजबूत होती. कोच म्हणजे कॅनडाच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, तिकडे शाळेत खेळ शिकवायच्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी या खेळाची एक रीत सांगितली. घासताना आपला झाडू धावत्या दगडाला लागला तर दगड बाद. पण ते पंच सांगत नाही. आपणच सांगायचं. कुणी पाहिलं नसलं तरी हात वर करून सांगायचं.

मला वाटलं, हा तर माझाच विषय! नववीत शाळा सुटली ती सुटलीच, पण चूक कबूल करण्यात मी पहिल्या नंबरची. रिंकच्या आधी मी एका घरात मुलं सांभाळायचे. कप फुटला, नळ चालू राहिला, मुलाला खोकला झाला, कुणी विचारायच्या आत मी हजर: "मॅडम, सॉरी, मेरी गलती." माणसं देवासारखी होती, कधी आवाज चढवला नाही. पण माझ्यासारखीला परदेशात काम मिळालंय, ते हातचं जाऊ नये, ही धास्ती पोटात कायम. आपणच आधी सॉरी म्हटलं की समोरच्याचा राग अर्धा होतो. माझं पुढचं शिक्षण ते एवढंच.

तर दगड जरा वाकडा गेला की माझा हात वर. मध्येच थांबला की हात वर. पहिल्या मैत्रीच्या सामन्यात मी आमचे तीन दगड बाद करून दिले आणि आम्ही हरलो. कोचबाई पार भारावल्या. सामन्यानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना चहा पाजायचा, हीही त्या खेळाची रीत. त्यांनी आणलेल्या करकचा, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाचा, कप माझ्या हातात देत कॅप्टन म्हणाली,

"सच बोल. वो दूसरा वाला लगा था?"

"लगा होगा."

"होगा मतलब?"

"नहीं लगा तो बीच में रुका क्यों?"

"क्योंकि मैंने धीरे छोडा! वो मेरी गलती थी. तू मेरी गलती भी खा गई?"

बाकीच्या चहा सांडेपर्यंत हसल्या. "चोर भी तू, पोलीस भी तू. हमको भी कुछ काम छोड!" कॅप्टन म्हणाली आणि मग तिने आवाज खाली आणला. "लगा तो बोल. नहीं लगा और फिर भी बोला, तो वो भी झूठ है. एक बार और किया, तो वल्ला, बाहर बिठाऊँगी." वल्ला म्हणजे देवाशप्पथ.

माझी जागा घ्यायला बाहेर कुणी नव्हतं असंही नाही. एक उंच, तगडी मुलगी नवीन यायला लागली होती आणि दुबईच्या स्पर्धेला जायला चौघींचीच नावं जाणार होती. त्याआधी मस्कतच्याच दुसऱ्या संघाशी एक सामना. जिंकतील त्या जाणार.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो एसी दुरुस्त करतो. म्हणाला, "त्यात काय! मीपण गिऱ्हाइकाला आधी सॉरी म्हणतो, मग बघतो तर प्लगच काढलेला." लेक इंडियन स्कूलमध्ये सातवीत. ती म्हणाली, "आई, तू चेअरला पण सॉरी बोलते. मी ऐकली आहे." मग तिनेच माझी प्रॅक्टिस घेतली. फरशीवरून ती पिठाचा डबा सरकवायची, मी पुढे पोछा घेऊन.

"लागला?"

"नाही."

"शुअर?"

"...लागला असेल."

"आई!"

सामना शुक्रवारी सकाळी होता. शेवटचा दगड आमचा, कॅप्टनने सोडलेला. त्यांचा एक दगड गोलात आधीच मध्याजवळ बसलेला. आमचा त्याच्याही आत जायला हवा होता आणि तो दमत चालला होता. आम्ही दोघी घासत सुटलो. माझी मान खाली, नजर गादीवर आणि दगडावर. शेवटच्या दोन हातांवर दगड किंचित वळला, त्यांच्या दगडाच्या बाजूने सरकला आणि मधोमध जाऊन थांबला.

त्यांची कॅप्टन, एका हॉस्पिटलातली गोरी नर्स, माझ्याजवळ आली. आवाजात राग नव्हता. "डिड यू टच इट?"

माझा हात निघाला. खरंच सांगते, आपोआप निघाला, कोपरापर्यंत वर आला. एवढी मोठी बाई विचारते आहे म्हणजे काहीतरी झालंच असणार. पण डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांसमोरून हलेना. गादी आणि दगड यांच्यामध्ये चार बोटांची पांढरी फट होती, शेवटपर्यंत होती. दगड सोडला त्या टोकाला आमची कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभी.

वर आलेल्या हाताचं करायचं काय? मी टोपी सारखी केली.

"नो," मी म्हटलं. "नॉट टच."

"ओके," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

एवढंच. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले, तो आलाच नाही. आमच्या दोघीजणी माझ्या गळ्यात पडल्या. कॅप्टन घसरत घसरत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "टोपी तो सीधी ही थी, उख्ती."

मग चहा. आता पाजायची पाळी आमची होती. त्या नर्सबाईंना कप देताना मला राहवलं नाही. मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्हाला दिसलं होतं का? त्या हसल्या. एवढ्या लांबून त्यांना काहीच दिसलं नव्हतं म्हणे, चष्मा गाडीत राहिला होता. "यू वेअर देअर," त्या म्हणाल्या. तू होतीस तिथे. तू सांगशील ते खरं.

मी सांगितलेलं खरं! आजवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. इतका आनंद झाला की कप हातात असतानाच मी त्यांचा हात धरायला गेले आणि निम्मा चहा त्यांच्या बाहीवर.

"सॉरी, सॉरी, मेरी गलती!" मी ओरडले.

कॅप्टनने बाहीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हाँ," ती म्हणाली, "ये वाली सच में तेरी है."