इंजिन निवेपर्यंत

डेस हार्कनेस घरी आला की गाडी यायची, पण डेस यायचा नाही. गाडी दारात उभी, इंजिन चालू, आणि हा बाबा काचेतून समोरच्या गॅरेजच्या दाराकडे टक लावून बसलेला. आमच्या टिमरू गावात नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, बायकोशी पटत नसणार, घरात शिरायचा धीर होत नसेल. तसलं काही नव्हतं. गाडी टर्बोची होती, एवढंच.

टर्बोचं असं असतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळत्या धुराच्या जोरावर एक चक्र भिरभिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. गाडीला पंख फुटतात ते त्यानं. पण ते चक्र तापून लाल होतं, आणि जुन्या गाड्यांत त्याला सांभाळायला इंजिनाच्या तेलाशिवाय कुणी नाही. पोचल्या पोचल्या किल्ली फिरवलीत की तेल जागच्या जागी थांबतं, करपतं, न घासलेल्या कढईसारखा त्याचा थर बसत जातो, आणि एक दिवस टर्बो कामातून जातो. म्हणून दोन-तीन मिनिटं बसायचं. इंजिन सावकाश चालू द्यायचं, निवलं की बंद करायचं. आमच्याकडे ज्याच्याकडे असली गाडी, तो बसायचाच. न बसणाऱ्याला आम्ही गाडीवाला म्हणत नव्हतो.

डेस बंदरावर फिटर होता. ही जपानी टर्बोवाली गाडी, स्टारियन, घेतली तेव्हा पोरगा, क्रेग, नुकताच शाळेत जायला लागलेला. बायको नोलीन पहिल्या दिवशी चांगलीच करवादली. बाहेर वारा, मागच्या सीटवर झोपलेलं पोर, मांडीवर किराणा, आणि नवरा म्हणतोय थांब, इंजिन निवू दे. पण बसली. पुढच्या खेपेलाही बसली. आणि मग त्या बसण्यात काहीतरी होऊ लागलं.

दोघंही तोंडाची घट्ट. घरात टीव्ही, भांडी, पोराचा अभ्यास. बोलायचं राहूनच जायचं. गाडीत मात्र उठून जायला जागा नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचीही गरज नाही. समोर गॅरेजचं हिरवं दार, खाली इंजिनाची घरघर. तिथं नोलीननं सांगितलं की आईला आता वाचायला दिसत नाही. तिथंच सांगितलं की बँकेतली नोकरी सोडून नर्सिंग शिकायचंय. क्रेगला वर्गातली पोरं छळतात हे डेसला कळलं तेही तिथंच, आणि फोरमन आपल्याला पाण्यात पाहतो हे डेसनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं तिथं सांगितलं. किल्ली फिरवली की दोघं उतरायची, पुन्हा मुकी.

मग त्यानं टायमर बसवला.

हातभर वायरी आणि काडेपेटीएवढा डबा. तो बसवला की किल्ली काढून खुशाल उतरा, दार लावा. इंजिन आपलं आपण चालू राहतं आणि वेळ झाली की आपलं आपण बंद होतं. त्या वेळी सगळेच बसवत होते. डेसनं एका सुट्टीत डॅशबोर्डखाली उताणं पडून स्वतःच्या हातानं बसवला, आणि काम असं नेटकं केलं की विचारू नका.

त्याच संध्याकाळी दोघं जेराल्डीनहून, नोलीनच्या बहिणीकडून, परत आली. गाडी दारात थांबली. नोलीन सवयीनं मागे टेकली आणि म्हणाली, "डेस, तुला एक सांगायचं होतं."

"आधी उतर तर," डेस म्हणाला. "गंमत बघ."

त्यानं किल्ली काढली, फिरून तिच्या बाजूला गेला, हाताला धरून तिला बाहेर काढलं आणि दार लावलं. रिकामी गाडी घरघरत राहिली. दोघं वाऱ्यात उभी. मग खट्ट झालं आणि गाडी गप्प झाली. डेसनं टाळी वाजवली.

"छान आहे," नोलीन म्हणाली आणि आत गेली.

काय सांगायचं होतं ते त्यानं विचारलं नाही. आता काय म्हणावं अशा माणसाला? विसरला. त्याच्या डोक्यात टायमर होता.

त्यानंतर गाडी थांबली की नोलीन उतरायची. तिचं काय चुकलं? बसायला कारणच उरलं नव्हतं. वर्षं गेली, क्रेग मोठा होऊन क्राइस्टचर्चला शिकायला गेला, आणि एका हिवाळ्यात नोलीननं नेल्सनच्या हॉस्पिटलात नोकरी धरली आणि गेली. भांडण नाही, तंटा नाही. गाव आठवडाभर चघळत बसलं, हाती काही लागलं नाही. डेसला कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तिकडे ऊन बरं असतं." गाडी त्यानं शेडमध्ये घातली, वर ताडपत्री टाकली आणि कामावर जायला सायकल काढली.

बंदरावरून निवृत्त झाला आणि घर त्याला खायला उठलं. सकाळी चहा, दुपारी एक पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेली मैद्याची वाटी, संध्याकाळी बातम्या. मधल्या वेळात काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. एक दिवस त्यानं ताडपत्री ओढली. समुद्राच्या खाऱ्या हवेनं दारांखालचे पत्रे खाल्ले होते, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. सीटबेल्टवर विणलेली टर्बो ही अक्षरं तेवढी जशीच्या तशी होती.

वायरी तपासायला म्हणून तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला. वर बघतो तर तो डबा. त्याच्याच हातची वायरिंग, प्रत्येक गाठ टेपनं गुंडाळलेली, कुठं एक दोरा सुटलेला नाही. डेस तसाच पडून राहिला. डेस, तुला एक सांगायचं होतं. इतक्या वर्षांनी ते त्याच्या कानात तिच्याच आवाजात आलं. पाठ दुखायला लागली तरी तो उठला नाही. मग कटर घेतला आणि एकेक वायर कापून डबा बाहेर काढला. स्क्रूची दोन भोकं राहिली, ती त्यानं बुजवली नाहीत.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. गाडी पुन्हा चालती करायची, नोलीनला एकदा तिच्यात बसवायचं, आणि इंजिन निवेपर्यंत विचारायचं, काय सांगायचं होतं. फोनवर विचारता आलं असतं की, असं तुम्ही म्हणाल. डेसला नसतं आलं.

पत्र्याचं काम त्यानं स्वतः केलं. बाकीचं टामाच्या वर्कशॉपमध्ये. टामा त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, दणकट माओरी गडी, जुन्या जपानी गाड्यांवर जीव टाकणारा आणि तोंडानं फटकळ. दोघांनी मिळून गाडी पार पालटली. पुढे टर्बोची तापली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवला, ब्रेक दुसऱ्या भारी गाडीचे लावले, इंधनाचा जुना मेंदू काढून नवा कॉम्प्युटर घातला. तपासनीस आला, वाकून वाकून सगळं पाहिलं आणि बदल मंजूर झाल्याची पट्टी बॉनेटखाली ठोकून गेला. घोडं अडलं ते टर्बोवर.

"हे बघ म्हाताऱ्या," टामा म्हणाला, "नवा टर्बो टाकू. पाण्यानं गार होणारा. किल्ली फिरव, उतर, चालू लाग. बसायची भानगड नाही."

"जुनाच ठेव. दुरुस्त कर."

"सगळी गाडी नवी केलीस आणि हृदय आजोबांचं ठेवतोस? लोक मला हसतील."

"हसू देत."

"अरे, पण का?"

"मला बसायचंय."

"बसायला घरी सोफा आहे."

"सोफ्यावर नोलीन बसायची नाही," डेस म्हणाला.

टामानं हातातला पाना खाली ठेवला. त्याला सगळं माहीत नव्हतं, पण जेवढं माहीत होतं तेवढं पुरलं. "दुरुस्त करतो," तो म्हणाला. पुढे गाडीपाशी कुणी टर्बोवरून टोमणा मारलाच तर टामाच त्याला झापायचा.

योग लवकरच आला. क्रेगच्या मुलीचा, ब्रूकचा, एकविसावा वाढदिवस. आमच्याकडे एकविसावा म्हणजे लग्नाखालोखाल. क्रेगचं घर लहान म्हणून मांडव डेसच्या मागच्या अंगणात घालायचा ठरला. पोर मोठं झालं, आता घराची किल्ली त्याच्या हाती, म्हणून ब्रूकला द्यायची मोठी लाकडी किल्ली डेसनं स्वतः कोरली होती, पाहुण्यांनी तिच्यावर सह्या करायच्या. सकाळी क्रेगचा फोन आला. "बाबा, आई विमानानं येतेय. मी मांडवात अडकलोय. तुम्ही आणाल का तिला? जमेल ना?"

"जमेल," डेस म्हणाला. फोन ठेवून त्यानं पुन्हा दाढी केली.

नोलीन विमानतळाबाहेर छोटी बॅग घेऊन उभी होती. केस पांढरे, आखूड कापलेले. गाडी बघून थबकली.

"काय रे, ही अजून जिवंत आहे?"

"खूप कापाकापी झाली. आत बरंच नवीन आहे."

"आपल्या दोघांसारखंच म्हण. माझा गुडघा नवा आहे."

बॅग डिकीत गेली. तिनं बेल्ट ओढला, त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाटेत तिनं ब्रूकच्या कॉलेजचं विचारलं, त्यानं सांगितलं. त्यानं नेल्सनच्या हवेचं विचारलं, तिनं सांगितलं. डेस जपून बोलत होता, खरं बोलणं मागे ठेवत होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्यानं मुद्दाम पाय दाबला, टर्बोनं शिटी मारली, गाडी उसळली. नोलीन हसली. तापू दे चांगलं, डेसच्या मनात आलं, जास्त वेळ लागेल निवायला.

गाडी दारात थांबली. समोर तेच गॅरेज, दार आता पांढरं. मागून मांडवाच्या खुंट्या ठोकल्याचे आवाज. डेसनं हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला.

खट्ट. नोलीननं बेल्ट सोडला, दार उघडलं आणि उतरली. "आले ग ब्रूक," असं ओरडत घराच्या बाजूनं मागे निघूनही गेली.

डेस बसून राहिला. तिच्या सीटवर बेल्ट अर्धवट गुंडाळलेला. तिला दोष देणार कसा? गाडी थांबली की उतरायचं, हे तिला त्यानंच शिकवलं होतं, हाताला धरून. इंजिन घरघरत होतं. डोळ्यात पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

काचेवर टकटक झाली. नोलीन.

"माझी बॅग राहिली. हे काय, तू आतच? बंद नाही झाली ती? बिघडला का तुझा तो डबा?"

"काढून टाकला."

"का?"

तिनं दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सीटवर टेकली. एक पाय आत, एक पाय बाहेर, दार उघडंच.

"नोलीन," तो समोर बघत म्हणाला, "ज्या दिवशी तो बसवला, त्या संध्याकाळी तू म्हणालीस, तुला एक सांगायचं होतं. काय होतं ते?"

ती बराच वेळ आठवत राहिली. मनापासून आठवत होती, ते त्याला दिसत होतं.

"खरं सांगू? नाही आठवत रे."

"काहीतरी असेल."

"असेल. धुण्याचं मशीन गळत होतं तेव्हा, तेच असेल. पण तू मला हाताला धरून बाहेर काढलंस ते आठवतं. केवढा खूश होतास. टाळी वाजवलीस. मला वाटलं, बिचाऱ्याला माझ्याबरोबर बसणं जड होत होतं. इतके दिवस बोलला नाही."

"जड नव्हतं," डेस म्हणाला. "नोलीन, मला त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नव्हतं."

"मग तेव्हा सांगायचं होतंस," ती म्हणाली. रागानं नाही. कपाटाची किल्ली कुठं असते ते सांगावं तशी.

मागून क्रेगनं हाक मारली. "आई, येतेस ना? खुर्च्या कशा लावायच्या?"

"आले." तिनं डेसच्या हातावर हात ठेवला, काढला, आणि डिकीतून बॅग घेऊन गेली. दार तिनं हलकेच लावलं.

इंजिन केव्हाच निवलं होतं. डेस तरी बसला होता.

संध्याकाळी मांडव भरला. किल्लीवर सह्या झाल्या, भाषणं झाली, ब्रूकनं आजीला आणि आजोबांना एका फोटोत उभं केलं. जेराल्डीनहून नोलीनची बहीण आली आणि केक कापून झाल्यावर तिला आपल्या गाडीतून मुक्कामाला घेऊन गेली. टामा हातात चीज रोल घेऊन डेसच्या शेजारी येऊन बसला.

"काय म्हाताऱ्या, कशी चालली? निवली नीट?"

"निवली," डेस म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तो पाण्यावरचा टर्बो म्हणत होतास ना, मागव."

टामानं त्याच्याकडे पाहिलं. "सोमवारी मागवतो," तो म्हणाला, आणि ताटलीतला दुसरा रोल त्यानं डेसपुढे सरकवला.