कोंडीरामचं मोहोळ

लालबागच्या चाळीत राहणारा कोंडीराम गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग चालवी. एका प्रदर्शनात त्यानं एक माणूस हातभर मधमाश्या अंगावर खेळवताना पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. बायको कमल नको नको म्हणत असताना मधमाश्यांची पेटी विकत घेऊन त्यानं ती थेट गच्चीवर ठेवली.

"फुलं खंय हत हयसर?" कमलनं विचारलं.

"शोधतीत गो. हुशार असतत."

माश्या खरंच हुशार निघाल्या. फुलं सोडून त्या नाक्यावरच्या मिठाईवाल्याच्या जिलेबीच्या पाकावर कामाला लागल्या. मिठाईवाला भांडायला आला तेव्हा कोंडीराम गंभीरपणे म्हणाला, "शेठ, रात्रपाळी करत नाहीत, एवढे उपकार माना."

माश्यांना त्रास नको म्हणून कोंडीरामनं पेटी कधी उघडलीच नाही. आत गर्दी इतकी वाढली की होळीनंतरच्या एका रविवारी दुपारी राणीमाशी अर्धा संसार घेऊन बाहेर पडली. खाली चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा भरली होती. चाळीतले चिंतामणी गुरुजी भाषणाला उभे राहिले आणि अख्खं मोहोळ त्यांच्यासमोरच्या माइकच्या दांड्याला लटकलं.

कर्ण्यांतून 'घूंऽऽ' असा आवाज घुमू लागला. मागच्यांना वाटलं, गुरुजी घसा साफ करतायत. गुरुजी तर केव्हाच टेबलाखाली होते. सभेवर नजर ठेवायला आलेला हवालदार चहाच्या दुकानात शिरला तो बाहेर येईना.

कोंडीराम तांदूळ धुवायची रोवळी आणि पंचा घेऊन धावत आला. माश्यांच्या घोसाखाली त्यानं रोवळी धरली आणि हळू आवाजात आर्जवं सुरू केली, "ये गो माझे बाये. अशी रुसतत काय? तुका काय होया ता सांग. माझा काय चुकला?"

माइक चालूच होता. अख्ख्या लालबागनं ते ऐकलं. वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या कमलनंही.

राणी रोवळीत पडली, मागोमाग बाकीच्या. पंचा झाकून कोंडीराम निघाला तसे गुरुजी बाहेर आले आणि गरजले, "माश्यांनासुद्धा आपलं हक्काचं राज्य हवं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हवालदारानंही वाजवल्या.

घरी कमल दारातच उभी होती.

"लगीन झाल्यापासून माका कधी असा म्हटल्यात?"

कोंडीरामनं रोवळीवरचा पंचा उगाच नीट केला. माश्या चावल्या नव्हत्या, तरी तोंड लाल झालं होतं.

"आता बघतंयच तुमच्या ह्या राणीक," म्हणत कमल त्याच्या आधी गच्चीवर चढली. पळून गेलेल्यांसाठी रिकाम्या खोक्याची दुसरी पेटी तिनंच करवून घेतली. पदर तोंडाला गुंडाळून आठवड्याला दोन्ही पेट्या तीच उघडायची, आणि कोंडीराम नारळाच्या सोडणाचा धूर घालत मागे उभा राहायचा.

पुढे मध निघाला. शेजारच्या सुंदराबाईंनी खोकल्याला नेला, मिठाईवाल्याला वाटीभर फुकट गेला. गुरुजींनी घशासाठी मोठी बाटली नेली. त्यानंतर त्यांची भाषणं इतकी लांबली, की चाळकऱ्यांनी कमलला गाठून विनवलं, "वहिनी, गुरुजींचा मध तेवढा बंद करा!"