शिवकन्या आणि तिच्या अकरा शुभेच्छुक

शिरूर कासार तालुक्यातल्या त्या फाट्यावर माणूस मोठा झाला की नाही हे मोबाईल ठरवत नाही, फ्लेक्स ठरवतो. माजी सरपंच बद्रीनाथ अप्पांचा पुतण्या पप्पू, त्याचे इन्स्टावर पाच हजार फॉलोअर झाले, तर बसथांब्याशेजारी पंधरा फुटी फ्लेक्स लागला. काळा गॉगल, जोडलेले हात आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौदा पोरांची मुंडकी. कर्तृत्व काय, तर चालत्या गाडीच्या टपावर बसून केस मागं सारणं.

शिवकन्येचे तेव्हा बावन्न हजार होते. सतरा वर्षांची पोर, आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी, फडात बसून बारावीचा अभ्यास करणारी. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते, मोळी टाकते आणि घाम पुसते, एवढीच तिची रील. तोंडाला पावडर नाही, मागं गाणं नाही. लाखो लोकांनी पाहिली. गावानं मात्र शाबासकीचा शब्द काढला नाही. उलट "पोरगी मोबाईलवर नाचती" अशी आवई उठवली. ती बापडी कधी नाचलीच नव्हती. पण गावाचं तोंड कोण धरणार?

"माजा बी फ्लेक्स लागंल," एक दिवस ती म्हणाली.

"खुळी का काय?" बाप त्रिंबक दचकला. "बाईचा फोटू फ्लेक्सवर दोनदाच येतो. एकतर इलेक्शनला, न्हाईतर मेल्यावर."

"मी दोन्हीला थांबणार न्हाई, अण्णा."

शिरूरला रविराजचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यानं डिझाईन लावलं आणि विचारलं, "शुभेच्छुक कोण टाकू? खालची पट्टी लई मोकळी दिसती." गावातलं एकही पोरगं तिच्या नावाखाली आपलं डोकं द्यायला तयार होणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती परत आली ती थेट ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांकडं गेली आणि सगळ्यांची आधार कार्डं मागू लागली. छबुबाईनं कार्ड छातीशी धरलं. "कावून? योजना आली का काय?" खरी गोष्ट कळल्यावर म्हातारी इतकी हसली की तिला खोकला लागला. "माजं थोबाड फाट्यावर? दे लावून! पन पदर नीट कर." आधारवरचे फोटो कसे असतात सांगायला नको, साऱ्या जणी पंचनाम्याला उभ्या केल्यासारख्या. तरी अकरा कार्डं जमली. पहिलं तिच्या मायचं, सुंदरबाईचं.

दसऱ्याच्या आधी फ्लेक्स लागला, पप्पूच्या बरोब्बर समोर. तासाभरात बद्रीनाथ अप्पा हजर.

"कुणाची परवानगी घेतली?"

"पप्पूनं कुणाची घेतलती?" शिवकन्येनं विचारलं.

अप्पांना असली उत्तरं ऐकायची सवय नव्हती. ते बापाकडं वळले. "त्रिंबक, पोरगी हाताबाहेर गेली. तुझ्याच हातानं उतरव. आत्ता."

त्रिंबकनं जन्मभर अप्पांना 'होय'शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्यानं शिडी लावली, कोयता कमरेला खोचला. सारी वस्ती गोळा झाली. शिवकन्येचा आवाज खणखणीत निघाला. "उतरवा, अण्णा. मी उद्या दुसरा लावीन. तो उतरवा, तिसरा लावीन. तुमचा हात दुखंल, माजा न्हाई."

त्रिंबक चढला. खालची दोरी कापायला त्यानं कोयता काढला, तर डोळ्यांसमोर परातीएवढं सुंदरबाईचं तोंड. वीस वर्षं ही बाई त्याच्या शेजारी ऊस तोडत होती. तिच्या कपाळावरची जखमेची खूण त्यानं आज पाहिली. ती कधी झाली हे त्याला आठवेना, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो तसाच खाली उतरला.

"अप्पा, माज्यानं न्हाई व्हायचं. वर बायको हाय."

"मग दुसरा कुणीतरी चढा!" अप्पा ओरडले. त्यांनी टोळीतल्या धुळाजीकडं पाहिलं, तर वर त्याची आई. आदिनाथकडं पाहिलं, तर वर त्याची बायको. ज्याच्याकडं बघावं त्याच्या घरातलं कुणीतरी त्या पट्टीवर होतं, आणि प्रत्येकजण आपल्या चपलेकडं बघत होता.

राहिला पप्पू. तो बाह्या सारून शिडीकडं निघाला, तोवर छबुबाई खालच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती.