धार लावायचा दगड

आमची थोरली जाऊ बायजी हट्टी आहे, हे मी आधीच सांगते. नवरा गेला तरी माहेरी गेली नाही. पाच वर्षांपूर्वी येशूच्या प्रार्थनेला जायला लागली, सासूने बोलणं टाकलं, तरी ही ढिम्म. मला तिचं ते टाळ्या पिटून गाणं आवडत नाही, कान किटतात. पण अंगण तिचं, गळा तिचा. आमच्या झरी गावातल्या सहा घरांची माणसं रविवारी त्या अंगणात बसायची, पावसात भिजायची. म्हणून तिने मजुरी करून बारा पत्रे आणले, खांब पुरले. डोक्यावर छप्पर, एवढंच हवं होतं तिला.

तर नितीनच्या भावना दुखावल्या. नितीन म्हणजे उधव्याच्या नाक्यावर मोबाइलची कव्हरं विकतो, तो. वाघबारसीला आमचा वाघदेव कुठे पुजतात हे या शहाण्याला ठाऊक नाही, कधी नारळ घेऊन आला नाही, पण गावाच्या देवांची काळजी यालाच! चार टाळकी घेऊन आला. बायजीच्या अंगणाच्या कडेला एक दगड आहे, मध्ये खोलगट, घासून गुळगुळीत झालेला. तो बघून ओरडला, "पुरातन देव! बापजाद्यांनी पूजून पूजून झिजवलाय!" लगेच शेंदूर फासला, झेंडा रोवला, आणि देवापाशी चर्च नको म्हणून तालुक्याला अर्ज केला.

अगं बाई! हसून हसून माझं पोट दुखलं. तो आमच्या सासऱ्याचा विळ्याला धार लावायचा दगड. चाळीस वर्षं म्हाताऱ्याने त्यावर विळे घासले, त्याच्यामागे आम्ही दोघी जावांनी. देव तिकडे कधी फिरकलासुद्धा नव्हता.

तालुक्याचे साहेब पाहणीला आले. बायजी म्हणाली, "साहेब, हा धार लावायचा दगड आहे. माझ्या जावेला विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. नितीन माझ्या कानाशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "काळीकाकी, तुमचं घरकुल यादीत आहे ना? बघतो मी." मेला! आणि माझा नवरा लाहू, कालपर्यंत त्याच दगडावर चपलेचा चिखल झटकणारा, तोही हात जोडून उभा. मीच तेवढी शूर कशी निघणार?

"मी सून म्हणून आले साहेब," मी म्हटलं, "दगड आधीपासूनच होता. मला काय ठाऊक?"

बायजी माझ्याकडे बघत राहिली.

लोकभावना नाजूक आहेत, बांधकाम थांबवा, असं साहेबांनी लिहिलं. खांब उपटले गेले. पत्रे अंगणात पडून होते, त्यातले चार नितीनच्या टोळक्याने उचलले आणि दगडावर मांडव घातला. वर पाटी लावली, 'पत्रे श्रद्धेने अर्पण: बायजीबाई'. लाज नावाची चीज नाही! त्या दिवसापासून तिकडे ना नितीन आला, ना कुणी उदबत्ती लावली. दगडाला छप्पर मिळालं, माणसं अजून उघड्यावरच बसतात.

परवा भात कापणीला आलं. सकाळी बायजी विळा घेऊन माझ्या दारात उभी. रागात नव्हती, तेच जास्त लागलं.

"काळे, धार लावायची आहे," ती म्हणाली. "तुमच्या देवाला विचार, चालेल का."

मी खाली मान घालून आत गेले, माझा विळा आणून तिच्यापुढे धरला. तिने धारेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. तोही बोथटच होता.