चार हातांची बैठक

आमचे स्वभाव तपासायचे असं कंपनीने ठरवलं, त्याच सुमारास बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला होता. कंपनी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि मी तिथे मालाच्या तपासणीत आहे. आलेल्या मालातून नमुना काढायचा, तपासायचा, पास की नापास ते लिहायचं. हे काम मला छान जमतं, कारण पास कुठपर्यंत आणि नापास कुठून हे आधीच कोणीतरी ठरवून दिलेलं असतं. मला फक्त आकडा वाचायचा असतो.

त्या दिवशी कँटीनमधल्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पुण्याहून आलेल्या एका तरुण बाईंनी आम्हाला मोबाइलवर प्रश्न सोडवायला लावले. तुम्ही डोक्याने ठरवता की मनाने? ठरवून निघता की निघाल्यावर ठरवता? मी जवळपास सगळीकडे मधला पर्याय दाबला. शेवटी माझा प्रकार कोणता ते आलं, चार इंग्रजी अक्षरं आणि खाली एक परिच्छेद. मी समजूतदार आहे, सगळ्यांना सांभाळून घेते, निर्णय घेताना समोरच्यांचा कल पाहते, असं त्यात होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकारी बाईने डोकावून वाचलं आणि म्हणाली, "हे तं तुम्हीच आहा मॅडम." पुण्याच्या बाई म्हणाल्या की अशी माणसं प्रत्येक टीमला हवी असतात. मी लाजून हसले. चाळिशी उलटून गेल्यावर कोणी आपला स्वभाव चांगला म्हटला की बरं वाटतं.

परतीच्या बसमध्ये मी तो परिच्छेद पुन्हा वाचला तेव्हा तेवढं बरं वाटलं नाही. समोरच्यांचा कल पाहणारी, म्हणजे साध्या भाषेत तोंड पाहून बोलणारी. हे मला सांगायला मोबाइलची गरज नव्हती, आमच्या गल्लीतल्या कोणीही सांगितलं असतं.

दोष मी आमच्या घराला देत आले. जरीपटक्याच्या बाजारामागे आमचं घर आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गेला आणि त्याच्यासोबत पंचांग, मुहूर्त, अंगात येणाऱ्या बाईला जाऊन विचारणं, सगळंच गेलं. पण ठरवायच्या गोष्टी काही गेल्या नाहीत. मग आजोबांनी रविवारची बैठक सुरू केली. जेवणं आटोपली की सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. विषय मांडायचा, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि हात वर करायचे. ज्याची शाळा संपली त्याला एक हात, बाई असो की पुरुष. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याने मात्र हातही वर करायचा नाही आणि मतही सांगायचं नाही, कारण माणूस स्वतःच्या बाबतीत आंधळा असतो असं आजोबांचं म्हणणं. आणि दोन्हीकडे हात सारखे पडले, तर विषय पुढच्या रविवारी.

बाबांनी हे सगळं जसंच्या तसं चालवलं. वस्तीतले लोक हसायचे, पण त्यांच्याकडे मुलींना कोणी काही विचारत नव्हतं आणि आमच्याकडे विचारत होते. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, आणि त्याच गोष्टीचा मला राग येतो हेही तितकंच खरं.

दादाने मनीषनगरात फ्लॅट घ्यावा का, ते सतरंजीवर ठरलं. माझं लग्नही तिथेच ठरलं, म्हणजे ठरलं नाही. भंडाऱ्याचं स्थळ होतं, मुलगा शिक्षक. विषय माझा, म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसले, आणि माझ्याबद्दलचे हात नाहीच्या बाजूने वर झाले. नंतर भांडी घासताना आईने हळूच विचारलं, "तुले काय वाटत होतं वं?" मी म्हटलं, "मले? काही नाही." खोटं बोलले नाही. तो मला आवडला होता की नाही हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी हात वर करताना आधी बाकीच्यांचे हात कुठे चाललेत ते बघायची. क्षणभराचाच खेळ, कोणाच्या लक्षात यायचा नाही. ज्या बाजूला कमी भांडण, त्या बाजूला माझा हात.

पुढे आई गेली. बैठकीतला एक हात कमी झाला एवढंच आम्हाला दिसलं. बाबांचाच विषय निघाला तर चार हात उरतील आणि चाराचे दोन-दोन होऊ शकतात, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांचा विषय तोवर कधी निघालाच नव्हता.

बाबांना साखरेचा आजार जुना. पण सकाळी पायी विहारात जायचं, तिथून वाचनालयात, तिथून भाजी घेऊन घरी, हा नेम त्यांनी पावसातही मोडला नव्हता. अंगठा काळा पडला तशी मी रोज कामावर जायच्या आधी पट्टी बदलू लागले. काळेपणा वर सरकत होता. वासही यायला लागला, तो वास एकदा आला की विसरता येत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. आत्ता कापला तर गुडघ्याखाली कापू, गुडघा वाचला तर नकली पाय बसवून बाबा चालू शकतील. उशीर झाला तर गुडघा जाईल, आणि मग या वयात चालणं विसरायचं. मला सगळं समजलं. मालाचा नमुना नापास आहे हे समजावं तितकं स्पष्ट समजलं.

रविवारी बैठक बसली. मनीषनगरहून दादा-वहिनी आले, काटोलहून ताई आली. बाबा नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसले, पट्टीचा पाय उशीवर. दादाने डॉक्टरांचं म्हणणं मांडलं. ताईने दुसरी बाजू मांडली, म्हणजे रडायलाच लागली. तिच्या सासरच्या कोणाचा तरी पाय लेप लावून वाचला होता. "बाबाले पाय नाही तं काय उरते?" ती म्हणाली. "जरा थांबाले काय जाते तुमचं?"

बाबा म्हणाले, "हात वर करा."

कापायच्या बाजूने दादा आणि वहिनीचे हात वर झाले. नको म्हणणाऱ्या ताईचा एकटीचा हात वर होता आणि दुसऱ्या हाताने ती डोळे पुसत होती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझा हात दादाकडे गेला असता, तर तिघांविरुद्ध ताई एकटी पडली असती. बाबांचा पाय आपल्याविरुद्ध जाऊन कापला, असं ती आयुष्यभर म्हणत राहिली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि पायाचं काही आलं नाही. माझा हात ताईच्या बाजूने वर झाला.

वहिनीने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "तू पट्टी करते ना वं रोज? तुले दिसून नाही राहिलं?"

बाबांनी हात मोजले. "दोन अन् दोन. पुढच्या रविवारी."

"बाबा, हे काही फ्लॅटचं नाही," दादा म्हणाला. "डॉक्टर थांबाले नाही म्हणून राहिला."

"तुमच्यासाठी कधी नियम बदलला का मी?" बाबा म्हणाले. "मंग माह्यासाठी काहून बदलाचा?"

बाबांच्या तत्त्वापुढे बोलायची आमच्यात रीत नाही. दादा नुसता उठून बाहेर जाऊन उभा राहिला. पुढच्या रविवारी आपण हात बदलायचा, असं मी मनाशी पक्कं केलं आणि मला हलकं वाटलं. एवढं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी डबा नीट भरून कामावर गेले.

बुधवारी बाबांना हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत ते बरळायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला काही विचारलं नाही, दादासमोर कागद धरला. गुडघ्याच्या वर, अर्ध्या मांडीतून कापला. रविवार आला तेव्हा ठरवायला काही शिल्लक नव्हतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, आमचा तर झोपाही झाला नाही.

बाबा घरी आले ते पलंगावरच. नकली पाय बसवून पाहिला, पण त्यांना तोल साधेना. एकदा पडले, दुसऱ्यांदा पडले, मग तो पाय कपाटाच्या मागे उभा राहिला. विहारात आता ते रिक्षातूनही जात नाहीत, लोकांनी उचलून आत नेलेलं त्यांना चालत नाही. रविवारी सतरंजी कोणी अंथरत नाही. दादा फोन करतो, ताई फोन करते, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे भांडण टाळायला मी हात वर केला होता, ते झालंच.

कंपनीत त्या पुण्याच्या बाई पुन्हा आल्या. आपला प्रकार ओळखला की निर्णय सुधारतात, असं त्या म्हणाल्या. रोज एक लहान गोष्ट कोणाला न विचारता ठरवा, सवय होईल. मी मनापासून केलं. पडद्याचं कापड आणायला बाजारात एकटी गेले. निळं की पिवळं करत उभी राहिले, दुकानदार कंटाळला, शेवटी शेजारच्या अनोळखी बाईला विचारून तिने सांगितलं ते घेऊन आले. घरी येऊन हसू आलं, मग रडू आलं. स्वभावाला औषध नाही हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. मी ते चार अक्षरांत शिकले, एवढाच फरक. आता तळ्यात-मळ्यात करताना मला बरोबर कळतं की मी तळ्यात-मळ्यात करते आहे. थांबता मात्र येत नाही.

गेल्या महिन्यात बाबांच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली. डॉक्टरांनी तेच सांगितलं, लवकर कापलं तर या वेळी नुसतं पाऊल जाईल. काल दुपारी मी पट्टी करत होते. बाबा छताकडे पाहत म्हणाले, "एक विचारू का वं?"

"विचारा ना."

"त्या रविवारी तुले खरंच वाटत होतं का, पाय वाचन म्हणून?"

मी पट्टी गुंडाळत राहिले. मग म्हटलं, "नाही."

"मंग काहून?"

"ताई एकटी पडून राहिली होती."

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मले कापाचाच होता पाय. पहिल्याच दिवशी ठरलं होतं माह्या मनात. पण विषय माहा होता, बोलाचं कसं? म्हटलं, ही रोज पट्टी करते, हिले माहीत आहे, ही हात बरोबर वर करन. मी तुह्याच हाताकडं पाहून राहिलो होतो."

मला त्यांचाही भयंकर राग आला. तोंड उघडून एक शब्द बोलले असते तर गुडघा वाचला असता, चालले असते ते. पण मग वाटलं, मी तरी कोणाची मुलगी आहे.

"आता बैठक नको," बाबा म्हणाले. "दादा नको, ताई नको. हा पाय तुह्या हातात आहे. तू सांगशीन ते मी करीन. सांग, कापाचा का?"

कापायचा होता. उद्याच कापायचा होता, यात तीळभर शंका नव्हती. बाबा मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिथे बसवेना. मी पट्टीची गाठ मारली, हात पुसले आणि मोबाइल उचलला.

"दादाले एकदा विचारून पाहते," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.