मैदानाकडे पाठ केलेली खुर्ची

रेणूचा फोन आला तेव्हा मी सहावीचा तास संपवून वर्गाबाहेर येत होते. नवऱ्याची पोस्टिंग जिथं असेल तिथं ती असते. सध्या पंजाबात आहे. एवढ्या लांबून, भर दुपारी तिचा फोन म्हणजे काहीतरी असणार, हे मला हातात मोबाइल घेतानाच कळलं. "मंगल, अपने सर गए," एवढंच ती म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी मला इकडे निफाडमध्ये ऐकू येत राहिली.

गायधनी सर नाशिकला आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक होते आणि मुलींचा व्हॉलीबॉल संघ त्यांनीच उभा केला होता. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिला मी गेले. बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं एकच गोष्ट सांगितली. नव्या मुलींची निवडचाचणी असली की सर लोखंडी खुर्ची मैदानाकडे पाठ करून ठेवायचे, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि नुसतं ऐकून खेळाडू ओळखायचे. कुणी त्याला दैवी देणगी म्हटलं, कुणी तिसरा डोळा. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. उठून काही सांगावं असं दोनदा वाटलं, पण उठले नाही. माइकसमोर बोलणं मला अजून जमत नाही. म्हणून हे लिहिते आहे. ती देणगी नव्हती. सरांनी ती सवय एका चुकीनंतर स्वतःला लावून घेतली होती, आणि ती चूक माझ्या बाबतीत झाली होती.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. मी सायखेड्याहून बारावी झाले होते. आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. रोज एसटीनं नाशिकला जाणं-येणं वडिलांना मान्य नव्हतं आणि दुसरीकडे पिंपळगावकडच्या एका स्थळाचा निरोप येऊन पडला होता. वडिलांनी सरळ सांगितलं, "हॉस्टेल भेटलं तर शिक. नाय तर पाव्हण्यांना या म्हणतो." कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एक जागा व्हॉलीबॉलच्या संघासाठी असते, असं शाळेतल्या बाईंकडून कळलं होतं. म्हणून मी चाचणीला गेले. खेळाची फार ओढ होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला ती जागा हवी होती.

मी सेटर होते. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : समोरून आलेला चेंडू पहिली मुलगी उचलते, दुसरा स्पर्श सेटरचा आणि तिसरी मुलगी तो पलीकडे मारते. चेंडू कुणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, हे सेटरनं क्षणात ठरवायचं. गुण दुसरीच्या नावावर जातो, पण खेळ सेटरच्या हातात असतो. आम्ही गावात कांद्याच्या गोण्यांची सुतळी विणून केलेल्या जाळ्यावर हे शिकलो होतो.

चाचणीला तीसेक मुली होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी टाचली होती. सर टेबलाशी बसून मोजमापं घेत होते : उंची, हात वर केल्यावरची पोच, पंजाची वीत. माझी उंची भरली पाच फूट. सरांनी ती लिहिली, वर पाहिलं नाही. माझ्यानंतर देवळाली कॅम्पातली एक मुलगी आली. तोफखान्यातल्या हवालदाराची लेक, पाच फूट आठ इंच, पायात खरे स्पोर्ट्‌स शूज. तीच रेणू. तिलाही सेटरच व्हायचं होतं. तिला पाहिलं आणि हॉस्टेलची जागा गेली असं मी धरून चालले.

आमच्या बाजूच्या पाच मुलींपैकी मी एकीलाही ओळखत नव्हते. खेळ सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येकीला नाव विचारलं, आणि चेंडू उंच हवा की बुटका, तेही विचारलं. हे काही हुशारीनं केलं नव्हतं. चुकीचा चेंडू दिला तर या शहरातल्या मुली आपल्याला बोलतील अशी भीती होती. त्यांनीही मग माझं नाव विचारलं. दुसऱ्या डावात चेंडू कुठंही भरकटला की त्या "मंगल, मंगल" असं ओरडत होत्या. सर तेव्हा टेबलाशी खाली मान घालून उरलेल्या मुलींची मापं लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बारा नावं लागली. माझं नव्हतं. मी ती यादी खालून वर पुन्हा वाचली आणि एसटी पकडली.

आठवडाभरानं मी वावरात टोमॅटोची रोपं लावत होते, तेव्हा धाकटा भाऊ पळत आला. घरी पाहुणे आलेत, साडी नेसून ये म्हणाला. मागच्या दारानं घरात शिरले, आईनं माझ्या हातापायांचा चिखल धुतला, तिची जरीकाठी साडी माझ्याभोवती गुंडाळली आणि चहाचा ट्रे हातात दिला. वडिलांनी पिंपळगावला निरोप धाडून तीन दिवस झाले होते. एसटी स्टँडवर डोक्याला टोपी, काखेत वही असा एक पोक्त माणूस आमचं घर विचारत होता, तेव्हा हा मुलाकडचा मामा किंवा काका असणार हे सगळे धरूनच चालले होते. पोहे झाले होते. शेजारचे दोन कर्ते पुरुषही येऊन बसले होते.

मी मान खाली घालून ट्रे पुढं केला. वडील पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी कामाला लय चपळ हाय. उंचीला जरा कमी, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाय."

"उंचीचं बोलू नका," पाहुणे म्हणाले. "तिथंच तर चुकलो मी."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी मान वर केली. समोर गायधनी सर होते. हातात पोह्यांची बशी, आणि आपला एवढा मान कशासाठी चाललाय हे कळत नसल्यानं चेहरा अवघडलेला. साडीतल्या मला पाहून त्यांना सगळा उलगडा झाला असावा. त्यांनी बशी खाली ठेवली, टोपी काढली आणि वडिलांना म्हणाले, "दादा, मी मुलगी बघायला आलेलो नाही. मी कॉलेजातून आलोय. मी हिला एकदा बघून नापास केलंय."

मग सरांनी सगळं सांगितलं. सराव सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी रेणू त्यांच्याकडे गेली होती. आपल्या हातून चेंडू नीट जातो, पण पोरी आपल्याकडे बघत नाहीत, असं म्हणाली होती. "सर, ट्रायल में तो सब उस सायखेडावाली का नाम ले रहे थे. आपने सुना नहीं?" सरांनी ऐकलं नव्हतं. "मी हिची वीत मोजली," ते वडिलांना म्हणाले, "पण अर्धा तास परक्या पोरी हिच्या नावानं हाका मारत होत्या, ते माझ्या कानावर आलं नाही. चूक माझी आहे. रेणू घरून येते, तिला हॉस्टेल नको आहे. ती जागा हिची."

वडील शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "मास्तर माणूस, चुकलो म्हणायला यष्टीनं आला." आणि आईला आणखी चहा टाकायला सांगितलं. पिंपळगावला पुन्हा निरोप गेला. मोठ्या माणसाला एवढ्या लोकांत आपली चूक सांगताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं... तेव्हा मला आनंदाच्या आधी आश्चर्यच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी चाचणीच्या दिवशी सरांनी नंबरांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मुली हसल्या. शिपाईमामांनी सरांची तब्येत बरी आहे ना, असं मला हळूच विचारलं. रेणूनं आणि मी मात्र एकमेकींकडे पाहिलं नाही, नाहीतर हसू आवरलं नसतं. ती तोवर सेटरची जागा सोडून तिसरा फटका मारणारी आमची मुख्य स्मॅशर झाली होती. तिला खांद्यापेक्षा थोडा पुढं चेंडू लागायचा आणि तो तसा देणं हे माझं काम होतं.

पण माझी निवड म्हणजे काही जादू झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिलं वर्ष मी फार वाईट खेळले. महत्त्वाच्या सामन्यात घाबरून सगळे चेंडू एकट्या रेणूला देत सुटले आणि आम्ही हरलो. मला बाहेर बसवा म्हणून मी स्वतःच सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "आज काय आहे ते कानाला कळतं. उद्याचं कळायला थांबावंच लागतं. मी थांबतो, तू सराव कर." ते खरोखरच थांबले. ऐकून निवडलेल्या सगळ्याच मुली टिकल्या असंही नाही. एक तर दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. सर तिच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. वहीत तिच्या नावापुढं त्यांनी बरेच दिवस जागा कोरी ठेवली होती.

मी पदवीधर झाले, मग बी.पी.एड. केलं, शाळेत लागले. दरवर्षी पहिली कैरी उतरली की वडील सरांकडे पिशवी पाठवत. सर गेल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ ती पुन्हा घातली नाही.

शोकसभा संपल्यावर मी मैदानावर गेले. सरांच्या जागी आलेले तरुण सर सहा-सहा मुलींना खेळवत होते. नव्या मुलींची चाचणीच चालली होती. कडुनिंबाखाली ती लोखंडी खुर्ची तशीच होती, भिंतीकडे तोंड करून. पायांना गंज चढला आहे, पण कुणी ती फिरवलेली नाही. बसू का, असं मी त्या सरांना विचारलं. ते हसून बसा म्हणाले.

समोर नुसती चुन्याची भिंत. मागून चेंडूचे आवाज, पायांची धावपळ, शिट्टी. बराच वेळ सगळ्या मुली "घे", "सोड", "माझा" एवढंच ओरडत होत्या. उठावं असं मनात आलं... तेवढ्यात एक आवाज आला, "पूनम." थोड्या वेळानं दुसरा, वेगळ्या बाजूनं, "पूनम, इकडे." मग तिसरा.

मी वळून पाहिलं नाही. जाताना तरुण सरांना फक्त ते नाव सांगितलं आणि फाटकाकडे चालू लागले. पूनम उंच आहे की बुटकी, मला अजून माहीत नाही.